मेलेल्या सांबराचा पंचनामा फेसबुकवर होतो, जंगलात होत नाही

राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, आजरा, चंदगड. कोल्हापूरच्या या पट्ट्यात कुठंही मेलेलं सांबर किंवा भेकर सापडलं की तासाभरात फोटो ग्रुपवर फिरतो आणि दुसऱ्या तासाला निकाल लागलेला असतो. निम्मे म्हणतात बिबट्या, निम्मे म्हणतात शिकार. आजारानं किंवा वयानं गेलं असेल असं म्हणणारा एखादाच निघतो, आणि त्याला 'तू वनखात्याचा काय रे?' म्हणून गप्प केलं जातं. शिकार होते, फासक्या लागतात, हे कुणीच नाकारत नाही. पण जंगलातली बहुतेक जनावरं म्हातारपणापर्यंत पोचतच नाहीत, आणि न पोचण्याची कारणं आपल्या यादीपेक्षा बरीच जास्त आहेत.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली ती योग्यच झाली. दाजीपूरचं जंगल संस्थानाच्या राखीव शिकारीचं होतं, 1958 मध्ये ते राज्यातलं पहिलं अभयारण्य झालं, आणि गवा आज तिथं दिसतो तो त्यामुळंच. पण शिकाऱ्याबरोबर एक कामही गेलं. तो जनावर सोलायचा, फुप्फुस, यकृत, आतडं हातात घेऊन बघायचा. यकृतात चपटे कृमी, फुप्फुसावर पिवळट गाठी, खुरात सडलेली जखम, हे त्याला दिसायचं. ते बघणारं आज जंगलाकडेला कुणी नाही. शिकारी परत आणा असं मी म्हणत नाही. ते बघण्याचं काम दुसऱ्या कुणीतरी अंगावर घ्यायला हवं, एवढंच म्हणतोय.

अमेरिकेत शिकार कायदेशीर आहे आणि हरणांच्या रोगांवरची पाळत बरीचशी शिकाऱ्यांच्याच जिवावर चालते. तिथं हरणांना क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा रोग होतो. 1967 मध्ये कोलोराडोतल्या पाळीव हरणांत तो पहिल्यांदा लक्षात आला, आज तीसहून जास्त राज्यांत आहे, 2016 मध्ये नॉर्वेच्या रानटी रेनडिअरमध्येही सापडला. लागण झाल्यावर वर्ष-दीड वर्ष जनावर धडधाकट दिसतं, मग झिजत जातं, लाळ गळते, मान खाली पडते. म्हणून डोळ्यांनी बघून चालत नाही. मारलेल्या हरणाचं डोकं शिकारी ठरलेल्या पेटीत ठेवतो, जबड्यामागच्या लसिका ग्रंथी आणि मेंदूच्या देठाचा तुकडा तपासला जातो, आणि रोग निघाला तर मांस खाऊ नका असा सरकारी सल्ला आहे. दुसरा रोग चिलटांमुळं पसरणारा, ईएचडी, म्हणजे हरणांचा रक्तस्रावी ताप. उन्हाळा सरता सरता ताप चढलेली हरणं पाण्याकडं येतात आणि काठावरच मरतात. ओढ्याकाठी चार-पाच हरणं एकदम पडलेली दिसली की तिथले शिकारी गोळीचं भोक शोधत बसत नाहीत, खात्याला फोन लावतात. आपल्या मेंढ्यांचा नीलजिव्हा याच कुळातल्या विषाणूचा, आणि चिलटंही त्याच जातीची.

झिजवणाऱ्या त्या रोगाची आपल्याकडं नोंद नाही. आपल्याकडचे धोके वेगळे, आणि बरेचसे आपल्याच गोठ्यातून जंगलात जाणारे.

पहिला लाळ्या-खुरकूत. गाई-म्हशींना होतो तसाच सांबर, चितळ आणि गव्यालाही होतो. तोंडात फोड येतात, लाळेच्या तारा गळतात, खुरांच्या बेचक्यात जखमा होतात. लंगडणारं जनावर कळपामागं पडतं आणि कोळसुंद्यांना, म्हणजे रानकुत्र्यांना, सापडतं. आपण लिहितो 'कोळसुंद्यांनी मारलं'. खरंय, पण अर्धंच. पाडसांत हा विषाणू हृदयाच्या स्नायूवर बसतो, त्यामुळं बाहेर एकही फोड नसताना पाडस अचानक मरून पडतं. दुसरा गुरांचा घटसर्प. पावसाच्या तोंडाला येतो, गळा सुजतो, श्वास घरघरतो, एक-दोन दिवसांत खेळ खलास. सगळ्यात मोठा धडा बुळकांडीचा, म्हणजे रिंडरपेस्ट या गुरांच्या साथीचा. 1968 च्या सुमारास बंदीपूर-मुदुमलैकडच्या गव्यांची संख्या तिनं कोसळवली होती. 2011 मध्ये ती जगातून हद्दपार झाली, ती गुरांना गावोगाव लस टोचून. जंगलात जाऊन एकाही गव्याला सुई मारावी लागली नाही.

काळपुळीबद्दल, म्हणजे अँथ्रॅक्सबद्दल, जरा थांबून सांगतो, कारण इथं चूक झाली तर माणूस जातो. काल चरणारं जनावर आज मेलेलं, पोट टम्म, नाकातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठलेलं रक्त, आणि अंग म्हणावं तसं ताठरलेलं नाही. असं दिसलं तर ते फाडायचं नाही, अगदी डॉक्टर असलात तरी. बंद शरीरात हे जंतू कुजण्याच्या प्रक्रियेत बरेचसे मरतात. शरीर उघडलं, हवा लागली की ते बीजाणू धरतात आणि बीजाणू मातीत कित्येक दशकं टिकतात. आधी कानाच्या शिरेतलं थेंबभर रक्त काचपट्टीवर घेऊन तपासायचं, मग पुढचं ठरवायचं. केरळात 2022 मध्ये अथिरापल्लीच्या जंगलात रानडुकरं याच रोगानं मेली होती, तेव्हा हे पुस्तकातलं भय नाही.

आता ज्यावरून कमेंटमध्ये सगळ्यात जास्त भांडणं होतात त्या खुणा.

सांबराच्या गळ्याखाली केस गेलेला, लालभडक, ओलसर चट्टा दिसतो. नर-मादी दोघांतही, मुख्यतः विणीच्या काळात. ती गोळीची जखम नाही. तो ग्रंथीचा की कृमीचा यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण जिवंत, धडधाकट सांबरांच्या गळ्यावरही तो असतो. शिंगावरची मखमल सुटताना रक्ताळलेल्या चिंध्या लोंबतात, तोही आजार नाही. माजावर आलेले नर झुंजतात तेव्हा शिंगाचं टोक घुसून गोल भोक पडतं आणि फोटोत ते हुबेहूब गोळीसारखं दिसतं. फरक कळायला मेटल डिटेक्टर आणि शवविच्छेदन लागतं, मोबाइलवर झूम करून कळत नाही. माजाच्या दिवसांत नर खाणंपिणं सोडतो, बरगड्या दिसायला लागतात, आणि त्यातले काही पुढं उन्हाळा काढत नाहीत. दाढा हिरडीपर्यंत झिजलेल्या असतील तर म्हातारपण. एप्रिल-मेचं वाळकं गवत त्याला चावता येत नाही. भरल्या जंगलात उपासमार होते म्हटलं की लोक हसतात, पण मांडीच्या हाडातला मगज खोटं बोलत नाही. पोसलेल्या जनावराचा मगज पांढरा, घट्ट, मेणचट असतो, उपाशी मेलेल्याचा लालसर आणि पातळ. अर्थात हाड फोडायचं ते डॉक्टरनं.

बिबट्यानं मारलंय की मेलेलं खाल्लंय? गळ्याशी सुळ्यांची भोकं असतात, पण नुसती भोकं बघून भागत नाही. कातडीखाली रक्त साकळलेलं असेल तर चावा जिवंतपणीचा. भोकं आहेत आणि खाली मांस स्वच्छ आहे, तर जनावर आधीच मेलेलं होतं, बिबट्यानं फुकटचं जेवण साधलं. आजूबाजूची माती बघा. पाय झाडल्याचे अर्धगोल ओरखडे असतील तर मरण सावकाश आलंय. तोंडात घास तसाच असेल तर क्षणात, आणि मग जवळ उसाचा फड आहे का, कुंपणाला विजेची तार आहे का, अंगावर रेघेसारखा भाजल्याचा डाग आहे का, ते बघायला हवं. पायाला किंवा मानेला गोल कापल्यासारखी खूण, केस घासून गेलेले, तर क्लचवायरची फासकी. शेजारी मेलेले कावळे, मेलेल्या माश्या आणि तोंडाला फेस असेल तर विषाचा संशय घ्यायचा. थिमेट हे कीटकनाशक 2020 अखेर बंदी येईपर्यंत आपल्याकडं कुठंही मिळायचं. नुसतं पोट फुगलंय म्हणून विष म्हणू नका. रवंथ करणारं कुठलंही जनावर उन्हात काही तासांत फुगतं.

आंबा घाट, करूळ घाट, राधानगरी-फोंडा रस्ता इथं धडकलेली जनावरं वेगळा गोंधळ घालतात. पोटात रक्तस्राव होऊनही भेकर शे-दोनशे पावलं झाडीत चालत जातं आणि मग पडतं. अंगावर ओरखडा नाही, रस्ता नजरेआड, आणि गावात चर्चा विषाची.

आणि एक कारण आपण स्वतः आहोत. उसात भेकर दिसलं की अख्खी आळी जमते. पोरं पाठलाग करतात, पकडतात, पाय बांधतात, सेल्फी घेतात, मग 'जीवदान दिलं' म्हणून सोडतात. पाठलागात स्नायू फाटतात, त्यातली घाण रक्तात उतरते, मूत्रपिंडं बंद पडतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते. जनावर तासाभरात मरतं किंवा दोन-चार दिवसांनी जंगलात जाऊन मरतं, आणि त्याचा फोटो कुणी टाकत नाही. पुण्यात कोथरूडला डिसेंबर 2020 मध्ये गर्दीच्या पाठलागात गवा कसा गेला ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. त्यानंतरही गर्दीची हौस काही कमी झालेली नाही. हरीण शेतात आलं तर कुत्री बांधा, वाट मोकळी ठेवा आणि अंधार पडू द्या. ते आपलं आपण जातं.

मेलेलं दिसलं तर पन्नास पावलांवर थांबा. हात लावू नका, कुत्री जवळ जाऊ देऊ नका. अंग गार पडलं की गोचिड्या उतरून दुसरं ऊब असलेलं अंग शोधतात, आणि सिंधुदुर्गात गोचिड्यांतून येणाऱ्या माकडतापाचे रुग्ण निघाल्यापासून ही बाब हसण्यावारी न्यायची राहिलेली नाही. 1957 मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूरमध्ये हा ताप ओळखू आला तो आधी जंगलात माकडं मरायला लागली म्हणूनच. वनखात्याचा टोल फ्री नंबर 1926. फोनवर ठिकाण, वेळ, कुठलं जनावर, किती मेलीत आणि शेजारी आणखी कोण मेलंय, एवढं सांगा. फोटो लांबूनच, पण चारी बाजूंनी: अख्खं शरीर, नाक-तोंड, खूर, आणि भोवतालची जमीन. चौथा फोटो कुणीच काढत नाही, आणि पाऊस पडून गेल्यावर तो परत मिळत नाही. शिंग उचलू नका, गळून पडलेलंसुद्धा. कायद्यानं ती सरकारी मालमत्ता आहे, आणि ताब्यात घेतलीत तर 48 तासांत कळवावं लागतं.

यापुढचं बिघडतं ते खात्यांच्या मधल्या पोकळीत. वनरक्षक येतो, पंचनामा होतो, पशुवैद्यकीय अधिकारी दुसऱ्या गावात असतात, तोवर ऊन चढतं. मेच्या उन्हात चोवीस तास पडलेल्या शरीरातून जंतूंची वाढ करून बघण्याजोगं फारसं काही मिळत नाही आणि अहवालात 'नेमकं कारण सांगता येत नाही' असं येतं. लोक त्याला लपवाछपवी म्हणतात. बहुतेक वेळा तो नुसता उशीर असतो. नमुना घेतानाही घोळ होतात. सगळंच फॉर्मॅलिनमध्ये टाकलं की जंतू मरतात, मग काय वाढवणार? फॉर्मॅलिन दहा टक्के, तुकडा अर्धा सेंटिमीटर जाड, द्रव तुकड्याच्या दहापट. मूठभर यकृत छोट्या बाटलीत कोंबलं तर ते आतून कुजतं. विषाच्या तपासणीसाठी पोटातला ऐवज आणि यकृत-मूत्रपिंड मिठाच्या संपृक्त द्रावणात जातं, जंतू आणि विषाणूंसाठीचे तुकडे बर्फावर. पुण्यातल्या औंधचा रोग अन्वेषण विभाग कोल्हापूरहून काही तासांवर आहे. प्रत्येक परिक्षेत्र कार्यालयात तीन प्रकारच्या बाटल्या, हातमोजे, काचपट्ट्या आणि एक थर्माकोलची पेटी तयार असावी, एवढीच माझी मागणी. याला निधी लागतो असं कुणी सांगितलं तर मला पटणार नाही.

पाणवठ्यांबद्दलही बोललं पाहिजे. उन्हाळ्यात सिमेंटच्या टाकीत टँकर ओतायचा आणि हार घालून फोटो काढायचा, हे पुण्य मला पटत नाही. आटलेल्या टाकीत गवा, सांबर, डुक्कर आणि गावची म्हैस एकाच गढूळ पाण्यात तोंड घालतात. भरण्याआधी टाकी उपसून, घासून, उन्हात वाळवायला हवी. मिठाचे चाटे तर नकोच. सगळ्या कळपांची लाळ एका ढेपेवर आणायची हौस कशाला?

आणि लस. 2019 पासून केंद्राच्या कार्यक्रमात लाळ्या-खुरकूतची लस फुकट मिळते. वासराला चौथ्या महिन्यात पहिली, महिन्यानं बूस्टर, मग दर सहा महिन्यांनी. डेअरीच्या म्हशी दाव्यावर असतात, त्यांना बरोबर मिळते. सुटतात ती जंगलाकडेच्या वाड्यांवरची भाकड गुरं, कारण लसवाला सकाळी दहाला येतो आणि ती सातलाच रानात गेलेली असतात. गव्या-सांबरांच्या वाटेवर चरतात तीच. पुढची फेरी येईल तेव्हा सरपंचांनी आदल्या संध्याकाळी वाड्यांवर निरोप धाडावा आणि डॉक्टरांना पहाटे सहाला पहिल्यांदा तिकडं न्यावं. गावातल्या म्हशी दुपारी झाल्या तरी काही बिघडत नाही.