रेंज फुल, नेट गुल

पूर्ण बंद पडलेल्या नेटबद्दल माझी काही तक्रार नाही. उंदरानं वायर कुरतडली, जेसीबीनं केबल उखडली, वीज गेली, की सगळं कसं स्वच्छ असतं. अख्ख्या विद्यापीठाला कळतं, परिपत्रक निघतं आणि माणूस निवांत चहाला जातो. छळ असतो तो अधूनमधून जाणाऱ्या वायफायचा. ते सकाळी असतं, अकरानंतर नसतं, माझ्या फोनवर असतं, लॅपटॉपवर नसतं. शेजारच्या खोलीतले सर ‘आमच्याकडे तर चालतंय’ असं अशा सुरात सांगतात, जणू दोष माझ्या वागणुकीत आहे.

आमचा इतिहास विभाग विद्यापीठाच्या जुन्या, काळ्या दगडी इमारतीत आहे. भिंती अशा जाड की खिडकीत पाय पसरून बसता येतं. बांधणाऱ्यांना ऊन अडवायचं होतं, वायफाय नव्हे. पण भिंत काही भेदभाव करत नाही. त्यात आत लोखंडी कपाटं, आणि कपाटांत पंचवीस-तीस वर्षांचे प्रबंध. त्या प्रबंधांतून आजवर कोणी आरपार गेलेलं नाही, लहरींनी तरी का जावं?

तक्रार संगणक केंद्राच्या पोर्टलवर नोंदवायची, म्हणजे आधी नेट हवं. ते मोबाईलच्या डेटावर भागवलं की दुपारी चारच्या सुमारास एक इंजिनिअर येतो. पाठीला सॅक, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर ‘परत तुम्हीच का’. आणि तो दारात उभा राहिला रे राहिला की वायफाय असं धावू लागतं, की मला माझीच शंका यावी.

“सर, चालतंय की.”

“अहो, बारा वाजता बंद होतं.”

“आत्ता चालतंय ना?”

“आत्ता चालतंय.”

“मग?”

या ‘मग’ला उत्तर नाही. संध्याकाळपर्यंत तक्रार ‘समस्या आढळली नाही’ या शेऱ्यासह बंद होते. पुराव्याअभावी आरोपी निर्दोष.

एकदा मी त्याला फोनवरच्या दांड्या दाखवल्या. सगळ्या भरलेल्या, तरी पान उघडत नाही, असं कसं? तो म्हणाला, “सर, त्या दांड्या म्हणजे छताखालच्या त्या वायफायच्या डब्याचा आवाज तुमच्यापर्यंत पोचतोय, एवढंच. तुमच्या फोनचा आवाज त्याच्यापर्यंत पोचतोय का, ते त्यात दिसत नाही.” मला हे लगेच पटलं. प्रशासनाशी आमचा पत्रव्यवहार अनेक वर्षं याच तत्त्वावर चालू आहे.

मग विभागात सिद्धांत सुरू झाले. इतिहासाची माणसं एकत्र आली की कारणमीमांसेला तोटा नसतो. मध्ययुगीनवाल्या सरांनी खिडकीबाहेरच्या वडावर ठपका ठेवला. ओली पानं लहरी शोषतात हे खरं आहे. पण डबा व्हरांड्यात, वापरणारा खोलीत आणि वड दोघांच्याही बाहेर, शिवाय महिना मार्चचा. सरांनी सिद्धांत मागे घेतला नाही, ‘दूरगामी कारण’ म्हणून ठेवला.

विभागप्रमुख मॅडमचा संशय स्टाफरूममधल्या मायक्रोवेव्हवर. हा संशय मात्र भारदस्त होता. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि वायफायचा जुना, गर्दीचा पट्टा २.४चा, म्हणजे जेवण गरम होताना शेजारच्या फोनला त्रास होऊ शकतो. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स इथल्या ६४ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीला १९९८पासून अधूनमधून विचित्र संकेत मिळत होते. ते पृथ्वीवरचेच असणार हे कळत होतं, पण कुठले ते २०१५मध्ये उलगडलं: वेधशाळेतलाच मायक्रोवेव्ह. तो थांबायच्या आधीच कोणीतरी घाईनं दार उघडायचं! एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञांना भूक आवरत नाही हे वाचून मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटली. आम्ही आठवडाभर आमचा मायक्रोवेव्ह बंद ठेवला. नेट जायचं ते जातच राहिलं; भाजी मात्र गारच खावी लागली.

दरम्यान प्रत्येकानं आपापली सोय केली होती. विभागाच्या नेटवर भरवसा नाही म्हणून या सरांनी केबिनमध्ये स्वतःचा राउटर बसवला, तो बघून त्या सरांनी बसवला. २.४च्या पट्ट्यात एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल तीनच धरायचे, १, ६ आणि ११. आमच्याकडचे बहुतेक राउटर सहावरच ठाण मांडून होते. एका चॅनेलवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं. बाकीच्यांनी ऐकायचं, हवा मोकळी झाली की प्रत्येकानं नशिबानं येतील तेवढे क्षण थांबून मग तोंड उघडायचं. या विद्येचं मूळही विद्यापीठातलंच. १९७१मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी बेटाबेटांवरचे संगणक रेडिओनं जोडले, त्या जाळ्याचं नाव अलोहानेट. त्यात आधी ऐकायची अट नव्हती. ज्याला वाटेल त्यानं बोलावं, दोघांची टक्कर झाली तर थोडं थांबून पुन्हा तेच बोलावं. पुढे ऐकून बोलायची सुधारणा आली. आमच्या विभागीय बैठका अजून १९७१मध्येच आहेत.

खासगी राउटर बंद करावेत असा ठराव आला. सर्वानुमते मंजूर झाला आणि एकही राउटर बंद झाला नाही.

या सगळ्यात आमचे शिपाईमामा शांत होते. त्यांच्याकडे सिद्धांत नव्हता, उपाय होता. नेट गेलं की ते स्टुलावर चढत, डब्याचं बटण बंद करत, तंबाखू मळून होईपर्यंत थांबत आणि चालू करत. आणि नेट यायचं! अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा कोणाचं तरी जायचं, पण यायचं हे खरं. कसं येतं म्हणून विचारलं तर म्हणत, “सर, तापतंय ते. माणूस असो की मशीन, जरा टेकू द्यायला पाहिजे.”

शेवटी संगणकशास्त्र विभागातली एम.एस्सी.ची एक मुलगी प्रोजेक्टच्या निमित्तानं आली. तिनं पहिलाच प्रश्न ‘चालतंय का’ असा न विचारता ‘कधी जातं’ असा विचारला, तेव्हाच मी मनातल्या मनात तिला पूर्ण गुण दिले. ती सकाळी दहाला व्हरांड्यात लॅपटॉप मांडून बसली ती साडेअकरापर्यंत हलली नाही. मग म्हणाली, “सर, तुमच्या डब्याकडचे पत्ते संपतात.”

प्रकार असा होता. नेटवर येणाऱ्या प्रत्येक यंत्राला डबा एक पत्ता देतो. आमच्या डब्याकडे असे २५४ पत्ते, त्यातला एक त्याचा स्वतःचा. एकदा दिलेला पत्ता चोवीस तास त्याच यंत्राच्या नावे. आता आमचा व्हरांडा म्हणजे परीक्षा विभाग आणि कॅन्टीन यांमधली हमरस्त्यासारखी वाट. भजी खायला निघालेल्या पोरांचे फोन खिशातल्या खिशात आमच्या वायफायला जोडले जात, पत्ता घेत आणि कॅन्टीनकडे चालते होत. अकरापर्यंत सगळे पत्ते वाटून संपत. त्यानंतर येणाऱ्याला रेंज फुल, पत्ता नाही. रिकाम्या सदनिका आणि बेघर प्राध्यापक!

मामा बटण बंद करत तेव्हा डबा आपली यादी विसरे आणि नव्यानं वाटप सुरू करी. त्यात झोपलेल्या एखाद्या फोनचा पत्ता दुसऱ्यालाही देऊन टाकी. एका सातबाऱ्यावर दोन मालक आले की जे होतं तेच होई. संध्याकाळी विभागाला कुलूप लावताना मेन स्विचही बंद व्हायचा, म्हणून सकाळ निर्मळ असायची. पण मग इंजिनिअर आल्यावरच नेमकं कसं चालायचं? आम्ही सगळ्यांनी मामांकडे पाहिलं.

“ते साहेब यायचे म्हटल्यावर मी आधीच बंद-चालू करून ठेवायचो,” मामा म्हणाले. “बाहेरच्या माणसासमोर विभागाची शोभा नको.”

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. पत्त्याची मुदत एका तासावर आणली, पत्ते २५४चे १,०२२ केले. नेट दिवसभर टिकू लागलं. आपल्या उपायाचा एवढा बोलबाला झालेला पाहून मामा मात्र तो आता प्रतिबंधक म्हणून रोज साडेदहाला करू लागले.

मी पोर्टलवर नवी तक्रार टाकली: नेट रोज साडेदहाला दोन मिनिटं जातं. इंजिनिअर त्याच दिवशी हजर. “सर, वेळेसकट तक्रार पहिल्यांदा आलीय,” तो आनंदानं म्हणाला. कारण मी त्याला हळूच सांगितलं. त्यानं स्टुलाकडे पाहिलं, स्टूल पुसत असलेल्या मामांकडे पाहिलं आणि फोनवर शेरा टाइप केला: समस्या आढळली नाही.