‘शेवटी सगळे एकाच गटारात जाते’ : मुंबईत न टिकणारा समज

पावसाळा तोंडावर आला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक सल्ला फिरू लागतो. पाणी पावसाचे असो वा मोरीचे, शेवटी सगळे एकाच गटारात जाते. म्हणून तळणीचे उरलेले तेल कढत पाणी आणि साबण घालून बेसिनमध्ये सोडावे, आवारात पाणी साचले तर जवळच्या मॅनहोलचे झाकण काढावे, आणि तेलाचे नियम हॉटेलवाल्यांपुरतेच आहेत असे समजावे, असा त्याचा आशय असतो. हेतू मदतीचा असला तरी यातले एकही विधान पूर्णपणे कसोटीला उतरत नाही आणि झाकणाचा सल्ला तर जीवघेणा आहे.

मूळ चूक ‘एकाच गटारात’ या शब्दांत आहे. मुंबईत दोन वेगळी जाळी आहेत आणि महापालिकेत त्यांची खातीही वेगळी आहेत. पर्जन्य जलवाहिन्या पावसाचे पाणी नाल्यांतून आणि १८६ मुखांवाटे खाडीत किंवा समुद्रात सोडतात. वाटेत त्याच्यावर कोणतीही प्रक्रिया होत नाही. मोरी आणि संडासाचे पाणी मात्र मलवाहिन्यांतून कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर येथील मलजल प्रक्रिया केंद्रांकडे जाते. नाल्यांत मैला दिसतो हे खरे आहे; पण मलवाहिनी न पोहोचलेल्या वस्त्यांमुळे आणि बेकायदा जोडण्यांमुळे तो तेथे येतो, व्यवस्था एकच असल्यामुळे नव्हे.

आता तेलाकडे येऊ. कढत पाण्याने चरबी वितळते, साबणाने तिचे बारीक थेंब होतात, म्हणून आपल्या बेसिनपुरते काम झाल्यासारखे वाटते. परंतु पुढे पाणी थंड झाले आणि साबण विरळ झाला की तीच चरबी वाहिनीच्या भिंतीला चिकटते. वनस्पती तूप आणि मटणाची चरबी तर मुंबईच्या हवेतही सहज थिजतात. शिवाय तेलातली मेदाम्ले (फॅटी अ‍ॅसिड) पाण्यातल्या आणि काँक्रीटमधल्या कॅल्शियमशी संयोग पावून साबणासारखा कडक थर तयार करतात, जो नुसत्या पाण्याच्या झोताने सहसा निघत नाही. असा चोकअप झाला की अनेकदा सोसायटी एखाद्या खाजगी मजुराला चेंबरमध्ये उतरवते, आणि तेथे साठलेला हायड्रोजन सल्फाइड वायू काही क्षणांत माणसाला बेशुद्ध करतो. सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवण्यास २०१३च्या कायद्याने बंदी आहे, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये ठरवली. फोडणीच्या कढईतले तेल आणि हा मृत्यू यांच्यातले अंतर आपल्याला वाटते त्यापेक्षा कमी आहे.

झाकण काढल्याने पाणी लवकर ओसरते, हे विधानही निराधार आहे. ते झाकण मलवाहिनीचे असेल तर पावसाचे पाणी तिच्यात घुसते, तिची क्षमता संपते आणि सखल भागातल्या तळमजल्यांच्या संडासांतून मैला उलटा वर येतो. पर्जन्य जलवाहिनीचे असेल तरी निचरा भरतीवर अवलंबून असतो, कारण शहरातली बहुतेक मुखे भरतीच्या पातळीखाली आहेत. जुन्या वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेल्या होत्या. पुढे हे प्रमाण ५० मिलिमीटर करण्याचे काम हाती घेण्यात आले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे लक्षात घेतले तर एका झाकणाने काय साधणार ते कळते. उलट २९ ऑगस्ट २०१७ रोजी प्रभादेवी परिसरात साचलेल्या पाण्याखाली न दिसलेल्या उघड्या मॅनहोलमध्ये एक नामवंत डॉक्टर पडले आणि दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीच्या किनाऱ्यावर सापडला.

नियम फक्त हॉटेलांसाठी आहेत, या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात वाढणाऱ्या घटकांचे) प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते स्वयंपाकात वापरू नये, आणि रोज ५० लिटरपेक्षा अधिक तेल तळणीसाठी वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवावी, हे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे नियम व्यावसायिकांसाठी आहेत. वाहिनी मात्र सामायिक आहे. शंभर बिऱ्हाडांची इमारत रोज थोडेथोडे सोडत असेल तर खालच्या चेंबरला ते हॉटेलचे की घरचे हे कळत नाही.

घरी तेल थंड होऊ द्यावे, भांडे आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसून मगच धुवावे, उरलेले तेल बाटलीत साठवून वापरलेले तेल गोळा करणाऱ्यांना द्यावे. आणि आवारात पाणी साचले तर झाकणाला हात न लावता महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर कळवावे.