विशारद झालेल्या पोरांना एकदा मिरजेला न्या

माझी भाची यंदा गायनात विशारद झाली. निकाल लागल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण तिला विचारतोय, "मग आता टीव्हीवर कधी दिसणार?" ती गप्प बसते. मैफल रंगवण्याचा आपला पिंड नाही, हे तिचं तिला ठाऊक आहे. कान मात्र असा की शेजारच्या खोलीत तंबोऱ्याची जोडाची तार केसभर उतरली तरी हिला कळतं. अशा मुलीने करायचं काय? शिकवण्या घे, नाहीतर बँकेची परीक्षा दे. आपल्याकडे तिसरं उत्तर कुणाला सुचतच नाही.

गेल्या महिन्यात तंबोऱ्याची जवारी लावून घ्यायला मिरजेला गेलो, तेव्हा तिला मुद्दाम सोबत नेलं. जवारी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या माथ्याला दिलेला अगदी सूक्ष्म उतार. तार त्यावर घासत कंप पावते आणि त्यातूनच तो भरलेला, गुंजणारा नाद येतो. तार सैल करायची, कानस फिरवायची, पुन्हा चढवून ऐकायचं. याला माप नाही, सगळा मामला कानाचा. कारागीर चाचांनी तिलाच विचारलं, "बेटा, कुठली तार बोलत नाही?"

"खर्ज. बोलतो, पण लगेच विझतो."

चाचांनी मान डोलावली आणि कानस हातात घेतली. मग "आता?" "अजून थोडं." असं दुपारभर चाललं. मी नुसता बघत बसलो होतो.

मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकापासून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. 2024 मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण मानांकनाने नाव राखलं जातं, हात तयार होत नाहीत. शिकायला बसणाऱ्या पोराला पहिली दोन वर्षं विद्यावेतन मिळालं पाहिजे. आणि विशारदच्या अभ्यासक्रमात महिनाभर एखाद्या कारखान्यात बसणं सक्तीचं करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आपण वर्षानुवर्षं गळा तपासतो, कानाची किंमत कुणी करत नाही.

तबल्याला थरावर थर देऊन शाई, म्हणजे मधला काळा गोल, भरणाऱ्याला कान लागतो. पेटीच्या आतली सूर देणारी पट्टी टोकाला खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. किती खरवडायचं ते कानच सांगतो. ध्वनिमुद्रणाचंही तेच. ही सगळी संगीतातलीच कामं आहेत, आणि मानाची आहेत.

भाची सोमवारपासून महिनाभर चाचांकडे जाऊन बसणार आहे. राहायची सोय माझ्या मावसबहिणीकडे झालीय. ताईला अजून पटलेलं नाही, रोज बोलणं चालू आहे. भाचीच्याच क्लासमधली दोन मुलं पेटीचं काम शिकायला तयार आहेत. शिकवणारं कुणी ओळखीत असेल तर कृपया मला कळवा.