बामणघळीखाली म्हणे ज्वालामुखी आहे!

गणपती जवळ आले की मुंबईतल्या चाकरमान्यांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरायला लागतो: गुहागरजवळ हेदवीला समुद्रकाठी जी बामणघळ आहे ती जिवंत ज्वालामुखीचं तोंड आहे, खालच्या वाफेने पाणी वर उडतं, कधीही जा दिसतंच, आणि आपल्या कान्हेरी-घारापुरीच्या गुहापण समुद्रानेच कोरल्यात.

आता ज्वालामुखीचं अर्धं खरंय. कोकणातला काळा कातळ लाव्हाचाच, पण तो साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून आला आणि कधीच गार झाला. तुरळ-राजवाडीची गरम कुंडं आहेत ना, असं कोणीतरी म्हणणारच, तर ते जमिनीत खोल मुरून तापलेलं पाणी आहे, जिवंत ज्वालामुखी तिथेही नाही.

वाफेचं तर काहीच्या काही. किनाऱ्यावरच्या कातळाला कालवं चिकटलेली असतात, खाली पाणी उकळत असतं तर जागच्या जागी शिजली असती बिचारी. होतं काय, कातळात एखादी भेग असते, लाट तिच्यात घुसली की आतली हवा दाबली जाते, लाट फिरली की सुटते, रात्रंदिवस हेच चालू, मग कपच्या निघतात, त्यांचे गोटे होतात आणि तेच गोटे पुढच्या लाटेबरोबर भिंती घासत बसतात. अशी घळ तयार झाली की भरतीच्या लाटेला त्या चिंचोळ्या जागेत वर उडण्याशिवाय मार्गच उरत नाही.

कान्हेरी-घारापुरी माणसांनी छिन्नीने कोरलीय, विषय संपला. कान्हेरी तर डोंगरात आहे, तिथे लाट काय लोकलने जाणार?

राहिलं 'कधीही जा'. नका जाऊ. ओहोटीला नुसती कोरडी भिंत बघून परत याल. भरती सव्वाबारा-साडेबारा तासांनी येते आणि जोर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, मुंबईत पालिका साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा जाहीर करते त्या बघा, सगळ्या त्याच सुमारास असतात. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती कमी, आणि गौरी येतात नेमक्या तेव्हाच. त्यामुळे चतुर्थीलाच आरती आटपून भरतीचं टायमिंग बघून जा, आणि रीलसाठी शेवाळलेल्या कडेवर उभं राहू नका.