न्यूट्रल टाकून घाट उतरणाऱ्यांसाठी

फोनाफोनी फिरणारा एक मेसेज पुन्हा आलाय. 'भरलेली गाडी जड, म्हणून उतारावर रिकामीपेक्षा आपोआप जोरात पळते. घाटात न्यूट्रल टाका, डिझेल वाचवा. घाबरू नका, वजनामुळे टायर रस्ता घट्ट धरतात आणि गाडी लवकर थांबते.' पहिलं वाक्य जेमतेम अर्धं खरं, बाकीची दोन घातकी.

आधी पळण्याचं बघू. ८ टनांची रिकामी गाडी आणि १६ टनांची भरलेली. उतार भरलेलीला दुप्पट जोराने खाली ओढतो, हे कबूल. पण हलवायचं वस्तुमानही दुप्पटच ना? बलाला वस्तुमानाने भागलं की त्वरण मिळतं. दोन्हीकडे उत्तर एकच. विसाला एक असा उतार असेल आणि घर्षण धरलं नाही, तर गाडी कुठलीही असो, दर सेकंदाला वेग ताशी पावणेदोन किलोमीटरने वाढतो. अर्ध्या मिनिटात पन्नाशी पार. अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने १९७१ साली चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडले, दोन्ही बरोबरच खाली पडले. तिथे हवा नव्हती. आपल्याकडे आहे, आणि हवेचा तोच अडथळा जड गाडीला कमी जाणवतो. म्हणून वेग वाढल्यावर भरलेली थोडी पुढे सरकते. मेसेजवाल्याला इथे अर्धा गुण.

आता थांबण्याचं. वजन दुप्पट झालं की टायरची पकड साधारण दुप्पट होते, हे खरं. पण रोखायचं वस्तुमानही दुप्पट, म्हणजे पकडीचा जादा फायदा शून्य. उलट ब्रेकला दुप्पट जोर लावावा लागतो आणि उष्णताही दुप्पट. हीच १६ टनांची भरलेली गाडी ५०० मीटर उंचीवरून फक्त ब्रेकवर उतरवली, तर वाटेत जिरवायची ऊर्जा साधारण २३० लिटर गार पाण्याला उकळी आणण्याइतकी असते. एक अख्खं पिंप भरून वर उरेल एवढं पाणी! त्यातला काही भाग हवा आणि टायर खातात, बाकी सगळी चाकातल्या ड्रमवर आणि ब्रेक दाबल्यावर त्याला आतून घासणाऱ्या लायनरवर. घाट संपल्यावर चहाच्या टपरीपाशी येणारा तो जळका, घशात बसणारा वास याचाच. लायनर तापला की त्याचं घर्षण घटतं. ड्रमही तापून फुगतो, लायनरपासून लांब जातो. ड्रायव्हर पाय दाबतोय, पेडल खाली जातंय, गाडी मात्र ऐकत नाही. जुने ड्रायव्हर ज्या गियरला घाट चढतात त्याच गियरला उतरतात, ते उगाच नाही. गियरमध्ये असताना चाकंच इंजिनाला फिरवतात, त्यात वेग मरतो आणि ब्रेकचं काम हलकं होतं. न्यूट्रल टाकलं की हा आधार गेला.

राहिलं डिझेल. आजकालच्या इंजिनांत गाडी गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधनाचा पुरवठा बंद होतो. चाकं इंजिन फिरवतच असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच चालू राहायचं असतं, त्यासाठी डिझेल लागतंच. म्हणजे ज्या बचतीसाठी हा खटाटोप, तीच होत नाही. काही महाभाग त्याच्याही पुढे जाऊन चावी बंद करतात. मोठ्या गाड्यांचे एअर ब्रेक टाकीतल्या दाबलेल्या हवेवर चालतात, आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. इंजिन बंद पडलं की टाकीत उरलेली हवा तेवढीच, आणि प्रत्येक वेळी पेडल दाबलं की हवेच्या दाबाचा काटा थोडा खाली येतो.