म्हातारं व्हायचं नाही? सोपंय भो

केस काळे करून भागत नाही, म्हातारपण मुळातूनच उपटायचं असेल तर आधी आपल्या पेशींना फैलावर घ्या. 1961 मध्ये हेफ्लिक नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की माणसाची साधी पेशी लॅबमध्ये साधारण 50 वेळा दुभागते आन् मग हात वर करते. कामचुकार कुठली! कारण काय, तर गुणसूत्राच्या टोकाला टेलोमिअर असतं, चऱ्हाट उसवू नये म्हणून टोकाला गाठ मारतो ना आपण, तसं, आणि ते दरवेळी थोडं थोडं झिजतं. 46 गुणसूत्रं म्हणजे 92 टोकं. टेलोमरेज नावाचं एन्झाइम चालू करा, गाठी पुन्हा जशाच्या तशा, जवानी फुल्ल.

हा सल्ला तंतोतंत पाळणारी पेशी आहे बरं का. थकत नाही, रिटायर होत नाही, बास म्हटलं तरी ऐकत नाही. कॅन्सरची पेशी. दहातल्या आठ-नऊ कॅन्सरमध्ये टेलोमरेज चालू सापडतं. 1951 मध्ये एका अमेरिकन बाईच्या कॅन्सरच्या गाठीतून काढलेल्या पेशी अजून लॅबमध्ये वाढतायत, बाई मात्र त्याच वर्षी गेली.

आता तुमच्या मार्गात अडथळा एकच, पी53 नावाचा जीन. हा पेशीतला पोलीस पाटील, डीएनए बिघडला की पेशीला थांबवतो, सुधरतच नसेल तर मरायला लावतो. हत्तीकडे या जीनच्या 20 जोड्या, आपल्याकडे एकच, म्हणजे काम किती सोपं बघा! जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये हा बिघडलेलाच असतो, आणि तो बिघडवायला तंबाखू उत्तम. आणि ज्या पेशी थांबल्या पण मेल्या नाहीत त्या पारावर बसलेल्या रिकामटेकड्यांसारख्या, स्वतः काम करत नाहीत पण आजूबाजूच्यांत काड्या टाकून सूज पेटती ठेवतात. वयाबरोबर यांची गर्दी वाढते, तेही कॅन्सरला सोयीचंच.

हे सगळं मी रावेरच्या स्टँडवर एका काकांना समजावत होतो. कानामागे डायचा काळा डाग, तळहातावर तंबाखू, चुन्याच्या डबीत नख घालून अंगठ्याने मळणं चालू. म्हणे, चाळीस वर्षं खातोय, काय झालं? मी म्हटलं काका, चाळीस वर्षं हीच तर अडचण आहे, एका बिघाडाने सहसा काही होत नाही, एकेक करत पाच-सात साठावे लागतात, म्हणून तर हा रोग बहुतेक उतारवयात गाठतो. काकांनी फक्की मारली, ओठाखाली नीट बसवली, थोडा विचार केला.

"भाऊ, ते टेलोमरेज मेडिकलवर भेटी का?"