पश्चिमेला काच, आत एसी, बिल जनतेच्या माथी

मे महिन्यात पारा ४२-४३ वर, आणि नव्या सरकारी इमारतीला पश्चिमेकडून अख्खी काच! कोणाची अक्कल ही? मग ऊन येतं म्हणून पडदे, पडद्यांनी अंधार म्हणून भरदुपारी ट्यूबलाइट, भट्टी झाली म्हणून एसी. तोही १८ वर! २०२० पासूनच्या स्टारवाल्या एसीचं डिफॉल्ट २४ आहे, पण साहेबांना ते सोसवत नाही. साहेब दौऱ्यावर, अन् पंखा रिकाम्या खुर्चीला वारा घालतोय. गच्चीवरच्या सोलर पॅनलवर बोटभर धूळ. पुसायचं टेंडर निघायचंय म्हणे! अहो, संभाजीनगरच्या पाणचक्कीत हौदाखाली दालन बांधून गारवा मिळवला, आमच्या आज्यानं पांढऱ्या मातीचं माळवद घातलं. तुम्ही इंजिनिअर ना? ऊर्जा संवर्धन इमारत संहिता तर २००७ पासून आहे. कुठंय? असंल कपाटात, एसीची हवा खात!